करसवलत आणि दानाचे पुण्य

भाविकहो, धर्मादाय रुग्णालयास देणगी देताना दात्याच्या मनात दोन प्रश्न येतात. “या पावतीवर आयकरात सवलत मिळेल काय?” हा पहिला प्रश्न उघडपणे विचारला जातो. सवलत घेतल्याने दानाचे पुण्य उणे तर होणार नाही ना, हा दुसरा बहुधा मनातच राहतो. पहिल्याचे उत्तर कायद्यात सापडते. दुसऱ्याचे आपले आपणच शोधावयाचे असते.

श्रीमद्भगवद्गीतेच्या १७ व्या अध्यायात दानाचे सात्त्विक, राजस व तामस असे तीन प्रकार सांगितले आहेत. परतफेडीच्या अपेक्षेने दिलेले दान राजस होय. मग करसवलत ही परतफेडच नव्हे काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. त्यासाठी थोडा हिशेब पाहू.

१९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ८०-जी अन्वये मान्यताप्राप्त धर्मादाय संस्थेस दिलेल्या देणगीची साधारणतः ५० टक्के रक्कम, ठरावीक मर्यादेपर्यंत, करपात्र उत्पन्नातून वजा करण्याची सोय झाली. २०२५ च्या नव्या आयकर कायद्यातही ही सवलत राखलेली आहे. ३० टक्के दराने कर भरणाऱ्या गृहस्थाने १०,००० रुपये दिले, तर ५,००० रुपयांवरील कर, म्हणजे उपकर न धरता १,५०० रुपये, वाचतो. उरलेले ८,५०० रुपये त्याच्या पदरचेच जातात. तेव्हा सवलत घेतल्याने दानाचा व्यवहार होत नाही. दान हे दानच राहते.

परंतु त्या १,५०० रुपयांचा विचार येथेच संपत नाही. ते सरकारी तिजोरीत जाऊन रस्ता, शाळा वा पिण्याचे पाणी यांकरिता खर्ची पडले असते. ही तिजोरी केवळ धनिकांच्या करावर भरत नाही. मोलमजुरी करणारी माउलीसुद्धा साबणाची वडी घेताना तीत आपला वाटा घालते. म्हणजेच आपल्या देणगीत तिचाही अंश आहे, मात्र देणगीदारांच्या फलकावर तिचे नाव नसते. सवलतीमुळे पुण्य घटत नाही, पण त्यात इतरेजन वाटेकरी होतात, हे दात्याने विसरू नये.

हे एकदा मान्य केले की कर्तव्येही स्पष्ट होतात. देणगी दिली म्हणून आपल्या आप्तास रांग मोडून खाट मिळावी, असा आग्रह दात्यास शोभत नाही. रुग्णालयावरील जबाबदारी त्याहून मोठी आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखावयाच्या असतात. अन्य रुग्णांच्या देयकांतील २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. या खाटा म्हणजे गरिबावर केलेली मेहेरबानी नव्हे. त्याचाच वाटा त्यास परत करणे होय. खाट रिकामी असताना त्यास दारातून परत पाठविणे ही दात्याचीही फसवणूक आहे.

थोडी रक्कम देऊन अधिक रकमेची पावती मागणे, हे तर रुग्णाच्या औषधातून चोरी करण्यासारखे आहे. २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीस वजावट मिळत नाही. धनादेशाने वा बँकेमार्फत दिल्यास व्यवहारही स्वच्छ राहतो.

नवी करप्रणाली स्वीकारणाऱ्यास ही वजावट मुळीच मिळत नाही. त्याने हात आखडता घ्यावा काय? रुग्णाची वेदना आपली करप्रणाली पाहून कमी-अधिक होत नाही.

सवलत मिळत असल्यास ती निःसंकोच घ्यावी व पावती जपून ठेवावी. वाचलेला कर शक्य झाल्यास निर्धन रुग्ण निधीसच द्यावा. आणि वर्षातून एकदा तरी, आपल्या देणगीच्या रुग्णालयात किती निर्धन रुग्णांवर उपचार झाले, याची चौकशी अवश्य करावी, ही नम्र विनंती.