अतिथि कीं बिऱ्हाडकरू?

परक्याच्या घरीं राहणाऱ्या माणसास आपल्या भाषेंत पुष्कळ नांवें आहेत. अवचित येतो तो अतिथि. बोलावल्यावरून येतो तो पाहुणा. भाडें देऊन खोली घेतो तो बिऱ्हाडकरू. आणि दुसऱ्याच्या अन्नावर वाढतो तो आश्रित. यांपैकीं प्रत्येकाचा हक्क कोणता व मर्यादा कोणती, हें आपल्या आजीस कोणी शिकवावें लागलें नाहीं. परंतु गेल्या दीडशें वर्षांत एक नवाच माणूस उत्पन्न झाला आहे. तो विद्येसाठीं परदेशीं जातो, तेथील एखाद्या कुटुंबांत वर्ष-सहा महिने राहतो, त्यांच्याच टेबलाशीं बसून जेवतो, घराची एक किल्ली खिशांत बाळगतो, आणि दर आठवड्यास ठरलेले पैसे मोजतो. इंग्रजींत यास ‘पेइंग गेस्ट’ म्हणतात, आणि आपणहि तोच शब्द उचलला आहे. त्याला मराठी शब्द रूढ झाला नाहीं, याचें कारण आमच्या मतें भाषेचें दारिद्र्य हें नव्हे. ज्याच्याकडून पैसे घ्यावयाचे त्यास पाहुणा म्हणावयास आपली जीभ धजत नाहीं, हें खरें कारण आहे.

तेव्हां प्रश्न असा कीं, पैसे घेऊन केलेलें आतिथ्य हें आतिथ्य राहतें काय? आणि राहत असेल, तर ठरलेली रक्कम चुकती केल्यावरहि त्या विद्यार्थ्याकडे कांहीं देणें शिल्लक उरतें काय, व तें त्यानें कोणास द्यावें? ज्याच्या नात्यागोत्यांत कोणी मूल परदेशीं शिकत नाहीं असें मध्यमवर्गीय घर आज विरळा. म्हणून हा प्रश्न केवळ तार्किकांनीं सोडवावा असा नाहीं. तो आपल्या घरचाच आहे.

प्रथम शास्त्र काय म्हणतें तें पाहूं. मनूनें अतिथीची व्याख्या करतांना एका रात्रीची मर्यादा घातली आहे. ज्याचें राहणें अनित्य, तो अतिथि. कठोपनिषदांतील नचिकेता यमाच्या घरीं तीन रात्री उपाशी राहिला, तेव्हां प्रत्यक्ष यमासहि रात्रीगणिक एक असे तीन वर देऊन त्या दोषाचें परिमार्जन करावें लागलें. म्हणजे अतिथीचा अधिकार फार मोठा, परंतु त्याची मुदत फार लहान. एका रात्रीपुरतें कोणासहि देव मानणें शक्य असतें; नऊ महिने मानावयाचें म्हटलें, तर यजमानासच नव्हे, त्या देवासहि तें जड जाईल.

पाश्चात्य तत्त्वज्ञांपैकीं कांटनें १७९५ सालीं प्रसिद्ध केलेल्या शाश्वत शांततेवरील निबंधांत हाच भेद निराळ्या वाटेनें केला आहे. परक्या भूमीवर पाऊल ठेवणाऱ्यास शत्रूसारखें वागवूं नये, एवढाच त्याचा हक्क. तो भेटीचा हक्क होय. पाहुणा म्हणून राहण्याचा हक्क त्यास नाहीं. त्यास कांहीं काळ घरचा माणूस करून घ्यावयाचें, तर त्यासाठीं वेगळा करार लागतो, आणि तो करार उपकारबुद्धीचा असावा लागतो, असें कांटचें म्हणणें आहे. ‘करार’ आणि ‘उपकार’ हे दोन शब्द त्यानें एकाच ठिकाणीं बसविले, यांत आमच्या प्रश्नाचें सारें मर्म आहे. करार म्हटला कीं हिशेब आला. उपकार म्हटला कीं हिशेब मिटला. आणि तरीहि परक्याच्या घरीं दीर्घकाळ राहावयाचें, तर दोन्ही हवेत.

हा पेच कायद्यासहि चुकलेला नाहीं. ब्रिटनमध्यें आपल्या राहत्या घरांतील सामानासहित खोली भाड्यानें देणाऱ्यास २०१६ सालापासून वर्षाला ७,५०० पौंडांपर्यंतच्या प्राप्तीवर कर द्यावा लागत नाहीं, आणि विद्यार्थी ठेवणाऱ्या कुटुंबासहि ही सवलत घेतां येते. म्हणजे सरकारच्या लेखीं तें भाडें. अमेरिकेंत परदेशी शाळकरी विद्यार्थ्यास एखाद्या पात्र संस्थेशीं झालेल्या करारान्वयें, मोबदला न घेतां घरीं ठेवणाऱ्या कुटुंबास महिन्याला ५० डॉलरपर्यंतचा खर्च धर्मादाय म्हणून वजा दाखवितां येतो. म्हणजे तेथें तो दानधर्म. एक कायदा त्या ताटास भाड्याच्या सदरांत घालतो, दुसरा दानाच्या सदरांत. ‘कांहीं काळ घरचा माणूस’ असें सदर कोणत्याच वहींत नाहीं.

आतां प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टींकडे वळूं. गांधीजी १८८८ सालीं लंडनास गेले, तेव्हां कांहीं काळ एका विधवाबाईच्या घरीं राहिले. आईस दिलेल्या वचनामुळें मांस वर्ज्य; यास काय करून घालावें हें त्या बाईस समजेना. तिच्या मुली पावाचा एखादा जास्तीचा तुकडा आग्रहानें पुढें करीत. परंतु यांची भूक अख्ख्या पावाची, आणि मागावयाचा संकोच. पुढें त्यांनीं कुटुंबांत राहणें सोडून स्वतंत्र खोल्या घेतल्या, त्याचें त्यांनीं दिलेलें कारण मोठें मार्मिक आहे. आठवड्याचें बिल तर होतेंच. परंतु घरच्या मंडळींस अधूनमधून बाहेर जेवावयास नेणें, त्यांच्याबरोबर समारंभास जाणें, हा शिष्टाचाराचा खर्च त्याहून वेगळा होता. म्हणजे कराराच्या कडेनें सौजन्याचें एक दुसरेंच खातें उघडलेलें होतें, आणि गरीब विद्यार्थ्यास तें परवडेना.

त्यापूर्वीं दहा वर्षें, १८७८ सालीं, सतरा वर्षांचे रवींद्रनाथ इंग्लंडास गेले होते. लंडनांत डॉ. स्कॉट यांच्या कुटुंबांत त्यांची राहण्याची सोय झाली. हिंदी माणूस घरीं येणार म्हणून घरच्या दोन मुली भयानें नातलगांकडे जाऊन राहिल्या होत्या; हा प्राणी निरुपद्रवी आहे अशी खात्री पटल्यावर त्या परतल्या. पुढें श्रीमती स्कॉट यांनीं त्यांस मुलासारखें वागविलें, आणि १८८० सालीं निरोप घेतांना त्यांचे हात हातांत घेऊन त्या रडल्या. या भीतीपासून त्या अश्रूंपर्यंतचा प्रवास कोणत्या करारांत लिहिलेला होता?

आणि आपल्या आनंदीबाई जोशी. १८८३ सालीं अठरा वर्षांची ही मुलगी एकटी अमेरिकेस गेली, ती न्यू जर्सींतील रोझेल येथें श्रीमती कार्पेंटर यांच्या घरीं. दंतवैद्याकडे बसल्या असतां एका मिशनरी मासिकांत गोपाळरावांचा पत्रव्यवहार या बाईंच्या वाचनांत आला होता. ओळख ती काय तेवढी. आनंदीबाई त्यांस मावशी म्हणूं लागल्या. १८८६ सालीं फिलाडेल्फियास वैद्यकाची पदवी घेऊन त्या परतल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास वारल्या. वय पुरतें बावीसहि नव्हतें. त्यांची रक्षा अमेरिकेस पाठविण्यांत आली, आणि कार्पेंटरबाईंनीं न्यूयॉर्क राज्यांतील पोकीप्सी येथें आपल्या कुटुंबाच्या दफनभूमींत ती ठेविली. जेथें रक्ताच्या माणसांस जागा, तेथें चार महिन्यांच्या पाहुणीस जागा मिळाली.

येथें पूर्वपक्ष असा उभा राहील कीं, हीं भाग्यवंतांचीं उदाहरणें झालीं. पुष्कळ घरें केवळ पैशासाठींच विद्यार्थी ठेवतात. पावाचे तुकडे मोजतात, स्नानाचें पाणी मोजतात, हिवाळ्यांत खोलीची ऊब मोजतात. आणि विद्यार्थी वयानें लहान, परका, भाषेंत कच्चा. तक्रार कोणाकडे करणार? हें सारें खरें आहे. परंतु यावरून पैसा आला कीं आतिथ्य गेलें, असें मात्र निघत नाहीं. पैसा नसतांना काय होतें, तें पुण्यास आपण पाहिलें आहे. वार लावून जेवण्याच्या पद्धतीनें कित्येक गरीब विद्यार्थी विद्वान झाले, हें त्या घरांचें पुण्य खरेंच. परंतु त्या पानावर बसलेल्या मुलास दुसऱ्यांदा भाजी मागण्याचा धीर होत नसे, आणि यजमानीणबाईंच्या कपाळावरच्या आठ्या वाचण्याची विद्या तो व्याकरणाच्या आधीं शिकत असे. चुकते केलेले पैसे माणसास ताठ बसूं देतात. घेणाऱ्याचा स्वाभिमान राखणें हेंहि आतिथ्याचेंच एक अंग आहे, आणि तें काम कित्येकदां पैसाच करतो.

आम्ही स्वतः सुमारें तीस वर्षांपूर्वीं इंग्लंडच्या उत्तर भागांतील एका गांवीं, एका निवृत्त शिक्षिकेच्या घरीं, वर्षभर असेच राहिलों. दर शुक्रवारीं पैसे पाकिटांत घालून शेकोटीवरच्या फळीवर ठेवावयाचे असा प्रघात होता. त्या पाकिटाविषयीं वर्षभरांत एक शब्दहि निघाला नाहीं. रोज निघे तो प्रश्न वेगळाच : ‘आज किती वाजतां येणार?’ घरमालकास हा प्रश्न विचारण्याचा अधिकार नसतो. किल्ली दिली कीं तो संपला. खानावळवाल्यास त्याच्याशीं कर्तव्य नसतें. हा प्रश्न घरच्या माणसाचा आहे. उशीर झाला तर दाराबाहेरचा दिवा जळत असे, आणि त्या दिव्याची वीज बिलांत धरलेली नव्हती. आम्हीं मोहरीची फोडणी केली कीं छतावरची धुराची घंटा किंचाळूं लागे. बाई उठून खिडक्या उघडीत, पण पुन्हां फोडणी करूं नका, असें त्या एकदांहि म्हणाल्या नाहींत. बाहेर बर्फ असे, हें सांगितलें पाहिजे.

आमच्या मतें या प्रश्नाचें उत्तर येथें सांपडतें. खोली, पाव, ऊब या वस्तु मागतां येतात, म्हणून त्यांस किंमत लावतां येते, आणि ती लावणें न्याय्यहि आहे. परंतु आपल्यामुळें दुसऱ्यानें आपल्या घरची घडी थोडी विसकटूं द्यावी, हें कोणासहि मागतां येत नाहीं. तें दिलें तरच मिळतें. पैशानें उंबरठा ओलांडतां येतो. त्यापुढें आतिथ्य आहे कीं नाहीं, हें यजमान स्वतःस किती अडचण होऊं देतो यावर ठरतें. म्हणून ‘पेइंग गेस्ट’ या शब्दांत विरोध नाहीं. त्यांत दोन वेगळे व्यवहार आहेत, आणि दुसरा पहिल्यानें फिटत नाहीं.

हीच कसोटी विद्यार्थ्यासहि लागते. जो जेवण उरकून खोलीचें दार लावतो, घरून आलेल्या डब्यांतले लाडू एकटाच खातो, आणि रोजची सारी संध्याकाळ दूरध्वनीच्या पडद्यावर पुण्या-मुंबईच्या मंडळींत घालवितो, त्यानें देहानें एका घरीं व मनानें दुसऱ्या घरीं राहण्याची सोय करून घेतली आहे. त्याचा करार पुरा झाला. परंतु तो बिऱ्हाडकरूच राहिला. यजमानाच्या टेबलावर त्यांच्या चालीनें बसणें, त्यांचे कंटाळवाणे रविवार सोसणें, त्यांच्या आजारी मांजराची चौकशी करणें, ही त्याच्या वाट्याची अडचण होय. ती त्यानें पत्करली नाहीं, तर सारें आतिथ्य एकतर्फी होतें.

राहिलें तें ऋण. तें कोणास फेडावें? श्रीमती स्कॉट यांस रवींद्रनाथांनीं काय द्यावयाचें होतें? कार्पेंटरबाईंस आनंदीबाई काय देऊं शकल्या? ज्यांनीं दिलें त्यांस तें परत करण्याची संधि बहुधा येतच नाहीं. याचें उत्तर आमच्या परंपरेनें फार पूर्वीं देऊन ठेविलें आहे, परंतु तिकडे आपलें लक्ष जात नाहीं. अतिथीस देव मानण्याची जी आज्ञा आपण विमानतळांच्या भिंतींवर व पर्यटनाच्या जाहिरातींत रंगवितों, ती तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लींत कोणास केलेली आहे? अध्ययन संपवून गुरूच्या घरून निघालेल्या शिष्यास. म्हणजे ज्यानें कित्येक वर्षें दुसऱ्याच्या घरचें अन्न खाल्लें, त्यालाच, निघतांना, सांगितलें आहे कीं तुझ्या दारीं येईल त्यास देवासारखें वागव. घेतलेलें गुरूकडेच फेडून मोकळा हो, असें तेथें म्हटलेलें नाहीं. तें पुढें द्यावयाचें आहे.

आणि येथें आम्हांस आपल्याच घराच्या दाराशीं उभें राहावें लागतें. आपला मुलगा परदेशीं ज्या बाईच्या घरीं राहतो, तिनें त्याच्यासाठीं वेगळें भांडें ठेवावें, त्याच्या सणावारीं त्यास सुट्टी द्यावी, त्याच्या फोडणीच्या वासास नाक मुरडूं नये, अशी आपली अपेक्षा असते. ती अवाजवी आहे असेंहि नाहीं. परंतु पुण्यास आफ्रिकेंतून व पश्चिम आशियांतून विद्यार्थी येतात, मणिपूर-नागालँडांतून येतात, मराठवाड्यांतील खेड्यांतून येतात. खोली पाहावयास ते आपल्या दारीं आले, म्हणजे आपला पहिला प्रश्न कोणता असतो? आडनांव काय, आणि खातां काय. ज्या प्रश्नांवर परदेशांत आपण अन्यायाची ओरड केली असती, तेच प्रश्न येथें आपण चौकशी म्हणून विचारतों. भाडें देण्याची त्यांचीहि तयारी असते. नकार पैशासाठीं होत नाहीं. नकार त्या अडचणीस असतो, जी परक्या देशांतील एका बाईनें आपल्या मुलासाठीं आनंदानें सोसली.

परदेशांतून आलेल्या आपल्या मुलांस आपण पदवी विचारतों, पगार विचारतों. त्यांच्या यजमानांनीं त्यांच्यासाठीं काय काय सोसलें, हेंहि एकदां सविस्तर विचारावें. आणि मग घरांत जी खोली बंद आहे, तिची किल्ली कोणास द्यावी, याचा विचार त्यांच्यासह बसून करावा.