त्याग की श्रम?

बडोद्याच्या सयाजीराव रुग्णालयासारख्या ठिकाणी आजाऱ्यांना भेटून आलो की आपण परिचारिकांच्या त्यागाची स्तुती करतो. आम्हांस विचारावेसे वाटते, त्या स्तुतीआड त्यांचे श्रम झाकले तर जात नाहीत ना? अतिदक्षता विभागासाठी १९७४ साली निघालेल्या 'टिस' मोजपट्टीचा भर उपचारांवर होता. वृद्धाला कुशीवर वळविणे, अंग पुसणे, नातेवाइकांना धीर देणे ही कामे २००३ च्या 'नर्सिंग ॲक्टिव्हिटीज स्कोअर'ने हिशेबात धरली. त्यात १०० गुण म्हणजे एका परिचारिकेचा पूर्ण वेळ. यंत्रे थोडी लागली तरी म्हाताऱ्या माणसाला हात पुष्कळ लागतात. चांगल्या शोमरोन्याने उतारशाळेच्या रक्षकाकडे फुकट सेवा मागितली नाही. पैसे दिले, अधिक खर्चाचीही हमी घेतली. आपणही स्तुतीबरोबर पुरेशा परिचारिका मागू या.