डोळे शेवटी

गणपती जवळ आले की सुरतेत शाडूच्या मूर्ती घडवण्याची शिबिरं भरू लागतात. लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारकडून येऊन स्थिरावलेली मराठी कुटुंबं आहेत. तिथल्या पोरांच्या हाती मातीचा पहिला गोळा बहुधा याच निमित्तानं येतो. गोळा मिळाला की पोरगं सोंड वळवतं आणि लगेच डोळ्यांना हात घालतं. शिकवणारा जाणता असेल तर म्हणतो, ‘‘डोळे राहू दे. डोळे शेवटी.’’ पोराला ती उगाचची शिस्त वाटते. पण मातीकाम शिकण्यातली खरी गोम त्या दोन शब्दांत आहे.

सुरत हे हिऱ्याला पैलू पाडणाऱ्यांचं शहर. घंटीवर, म्हणजे घासायच्या चाकावर, हिरा एकदा जास्त घासला गेला की गेलेलं परत येत नाही, म्हणून कारागीर आधी दहादा पाहतो. मातीचं तसं नाही. कापलेलं पुन्हा लावता येतं, लावलेलं खरवडता येतं. त्यामुळे ‘मातीत काय, चुकलं तर मोडायचं’ असं सर्रास म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. माती मोडू देते, पण मोडायला हात धजला पाहिजे. आणि डोळे झाले की तो धजत नाही. तोवर समोर नुसता गोळा असतो. डोळे येताच तिथं कुणीतरी असतं आणि ते आपल्याकडे पाहू लागतं. मग मान वाकडी दिसली, कपाळ आखूड वाटलं, तरी आपण त्या डोळ्यांच्या आजूबाजूला चाचपडत राहतो.

शिल्पाच्या वर्गात डोकं घडवायला घेतात तेव्हा हे स्पष्ट दिसतं. पाटावर उभा खांब, त्याला तारेचा सांगाडा, त्यावर दाबून बसवलेली माती. पहिल्या काही बैठकांत चेहरा नसतोच. असतो तो अंड्यासारखा आकार, मानेचा कल आणि खांद्यांची रेघ. सांगाडाच चुकीच्या जागी असेल तर पुढे नाक कापताना तार बाहेर येते, आणि तेव्हा कोणतीही कोरणी कामाला येत नाही. मग अंगठ्यानं डोळ्यांच्या खोबणी दाबायच्या. नवशिक्या त्या हमखास वर दाबतो, कारण आपलं लक्ष चेहऱ्यावर असतं, डोक्यावर नसतं. टाळूपासून हनुवटीपर्यंत मोजलं तर डोळे साधारण मधोमध येतात. वरचा सगळा भाग कपाळाचा आणि केसांचा. हे सांगून पटत नाही. पाट फिरवून बाजूनं पाहिलं, कवटी मागे किती पसरते हे दिसलं, की पटतं. आणि पटल्यावर सगळी माती अंगठाभर खाली ढकलावी लागते. बुबुळं कोरून झालेली असतील तर ती कोण ढकलणार?

म्हणजे ‘शेवटी’ या शब्दाचा अर्थ ‘कमी महत्त्वाचं’ असा नाही. उलट जे सर्वांत प्रिय, त्याची जागा आधी सिद्ध करायची. मूर्तिकारांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पेणच्या कारखान्यांत माती मळणं, अंग जोडणं, घासणं, रंग देणं अनेक हातांत वाटलेलं असतं; डोळ्यांची आखणी मात्र अगदी अखेरीस, सरावलेल्या हाताकडे. देवळातल्या मूर्तीचं नेत्रोन्मीलन, म्हणजे डोळे उघडण्याचा विधीही घडण पुरी झाल्यावरच होतो. धर्माचा भाग बाजूला ठेवला तरी त्यामागचं कारागिराचं शहाणपण उरतंच: डोळे उघडले की बदल करण्याची मुभा संपली.

नामवंत शिल्पांतही हेच दिसतं. गणपतराव म्हात्रे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकत होते, तेव्हा 1896 च्या सुमारास त्यांनी ‘मंदिरपथगामिनी’ ही शिल्पमूर्ती घडवली. तिचा चेहरा हातानं झाकून पाहावा. तरी ती देवळाकडे निघालेली बाईच राहते, कारण चाल तिच्या अंगाच्या कलात आणि लुगड्याच्या निऱ्यांत आहे. चेहरा त्या चालीवर येऊन बसला आहे. धुळ्याजवळच्या गोंदूरचे राम सुतार यांनी घडवलेला सरदार पटेलांचा 182 मीटर उंचीचा पुतळा सुरतेहून काही तासांवर, नर्मदेकाठी उभा आहे. त्याचीही सुरुवात लहान नमुन्यांपासून झाली. उभं राहण्याची ढब, खांद्यांचा भार, शालीची घडी हे आधी लहान आकारात ठरलं नाही, तर आकार वाढवताना चूकही तितक्याच पटीनं वाढते.

आता कुणी म्हणेल, दोन तासांच्या शिबिरात एवढं कुठलं जमायचं? नाहीच जमत. तिथं बहुधा साच्यातून काढलेल्या मूर्तीवर हात फिरवायचा असतो, आणि प्लास्टरऐवजी शाडूची मूर्ती घरात आली तर त्यात चांगलंच आहे. फक्त त्याला शिकणं म्हणू नये. साच्यात सोंड, कान, डोळे एकदमच येतात; आधी काय नि मग काय, हा प्रश्नच उरत नाही. शिकणाऱ्याला तर तोच प्रश्न हवा असतो.

म्हणून मुलाला किंवा स्वतःला वर्गात घालताना भिंतीवरच्या पुऱ्या झालेल्या मूर्ती मोजू नयेत. ओल्या फडक्याखाली झाकलेली अर्धवट कामं पाहावीत. त्यांत नाक-डोळे नसलेली, पण सगळीकडून माणसासारखी दिसणारी डोकी असतील, तर तिथं शिकवणं चाललं आहे. सुबक डोळे आणि मागे सपाट कवटी दिसली, तर तिथं फक्त हौस भागवली जाते. आणि आपलं पोर पहिल्या महिन्यात घरी काहीच घेऊन आलं नाही, तर फी वाया गेली असं समजू नये. आवडीची गोष्ट थोपवून धरायला ते शिकत असतं, आणि त्याला वेळ लागतो.