दैव पाचवं आहे

आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक १३ ते १६

कोणतंही कर्म घडायला पाच कारणं लागतात, असं भगवंत इथे अर्जुनाला सांगतात. अधिष्ठान म्हणजे हा देह, मग कर्ता, करण म्हणजे इंद्रियं नि साधनं, निरनिराळ्या चेष्टा म्हणजे प्रयत्न, आणि पाचवं दैव. हे श्लोक मी अनेकदा वाचले होते. कळले मात्र गेल्या रविवारी, एका एक्सेल शीटमुळे.

मी आणि माझा कॉलेजचा मित्र डिसेंबरात राजगड-तोरणा-रायगड करणार आहोत. प्लॅन अर्थातच मी केला. पहिल्या दिवशी गुंजवण्यातून राजगड चढून संजीवनी माचीवरून थेट तोरणा. दुसऱ्या दिवशी मोहरी. तिसऱ्या दिवशी बोराट्याची नाळ उतरून रायगड. पाणी, मुक्काम, सॅकचं वजन, सगळे कॉलम भरलेले. मित्राने शांतपणे पाहिलं आणि म्हणाला, "अरे, हे वेळापत्रक तुझ्या पायांचं आहे. माझ्या गुडघ्याचं नाही."

गेल्या वर्षी त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. मला माहीत होतं. तरी मी पटकन बोलून गेलो, "होईल रे, देवावर सोड!"

रात्री हेच श्लोक समोर आले आणि लाज वाटली. भगवंतांनी देह पहिला सांगितला, दैव शेवटी. मी उलटं केलं. मित्राचा देह हिशोबातच घेतला नाही आणि ती चूक झाकायला दैवाला पुढे केलं. याला श्रद्धा कसं म्हणायचं? हा आळस होता, आणि थोडा अहंकारही. सोळाव्या श्लोकात भगवंत म्हणतात की जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो, त्याला खरं दिसत नाही. माझ्या शीटमध्ये कर्ता एकच होता, मी.

सोमवारी त्याला फोन करून माफी मागितली. मग दोघांनी मिळून प्लॅन नव्याने केला. आता चार दिवस. पहिली रात्र राजगडावर पद्मावतीच्या देवळात, दुसरी तोरण्यावर मेंगाईच्या देवळात. तंबू आणि भांडी माझ्या सॅकमध्ये. नाळेत नुसते दगडधोंडे, आणि गुडघ्याला उतारच जास्त छळतो, म्हणून मोहरीतून वाटाड्या घ्यायचा. तोरण्यावर गुडघा सुजलेला दिसला तर वेल्ह्याला उतरून सरळ एसटीने पुण्याला. रायगड कुठे पळून जात नाही.

एवढं करूनही अवकाळी पाऊस येऊ शकतो, पाय मुरगळू शकतो. ते पाचवं कारण, ते त्याच्या हाती. पण आधीच्या चारांचं काम आपलं आहे. ते नीट केल्यावरच "देवावर सोडलं" म्हणायचा आपल्याला अधिकार आहे.

आज एवढंच बघूया : घरात किंवा ऑफिसात आपण आखलेल्या एखाद्या योजनेत कुणाचा गुडघा राहून गेलाय का?

हे पांडुरंगा, सोबत चालणाऱ्याच्या पावलाची गती आम्हाला ओळखू दे.

राम कृष्ण हरी!