पान्हा काठीने फुटत नाही



आपल्या रत्नागिरीकडे भातलावणीमुळे पुष्कळांना आषाढी साधत नाही. ते कार्तिकीला निघतात. मागे गोठ्यातली गाय शेजाऱ्याच्या हवाली असते. परत आल्यावर तक्रार कानी येते, “बुवा, तुमची गाय मेली लबाड. पान्हा चोरते!”

आता विचार करा, चूक कोणाची? गाय भ्याली की भयाचा रस तिच्या रक्तात उसळतो आणि पान्हा सोडविणारा रस अडतो. दूध कासेत असते, पण उतरत नाही. वासराची ढुशी, ओळखीचा हात, गोड हाक मिळाली की तेच दूध धारेला लागते. काठीने गाय उभी राहील, पान्हा फुटणार नाही.

गरीब स्वभाव काही अंशी रक्तातून येतो. म्हणून जाणता शेतकरी वळू निवडताना नुसते वशिंड पाहत नाही. बाकीचे मात्र आपल्या हाती. वासराला लहानपणापासून कुरवाळावे. दावे हिसडू नये. गाईला चहूकडचे दिसते, पण थेट पाठीमागचे दिसत नाही. तेव्हा बाजूने, बोलत बोलत जवळ जावे.

आपली कोकण कपिला अंगाने लहान, पण इथल्या पावसाला आणि दमट हवेला पुरून उरणारी. कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेने २०१८ साली स्वतंत्र जात म्हणून तिची नोंद केली. पण नोंद झाली कागदावर. टिकायची आहे ती गोठ्यात. मारकी म्हणून सोडून दिलेली गाय पुष्कळदा मारून मारून मारकी केलेली असते, महाराज!

माउलींच्या पालखीचा रथ ओढणारे बैल आठवा. टाळमृदंगाचा गजर, माणसांची दाटी, तरी पाऊल शांत. तिथे नुसते बळ काय कामाचे?

नाथमहाराजांनी गंगेची कावड तहानेल्या गाढवाच्या मुखी रिती केली, ही कथा ऐकून आपण माना डोलावतो. मग घरी येऊन दाव्याची गाय कशी हो बडवतो? गळ्यात तुळशीची माळ आणि हातात दांडका, हे विठोबाला कसे रुचेल?

आपले मनही असेच बुजरे गुरू आहे. दमदाटीने ते नामाच्या खुंट्याशी ठरत नाही, मायेच्या हाकेने येते. उद्या पहाटे हरिपाठ म्हणत गोठ्यात जा, गाईच्या पाठीवरून हात फिरवा आणि मग धारेला बसा. आधी आपला स्वभाव निवू द्या. गाईचा आपोआप निवेल.

पुंडलीकवरदा हरि विठ्ठल!