सही नसलेले काम

चित्र पुरे झाले की चित्रकार कोपऱ्यात आपले नाव लिहितो. कवितेखाली कवीचे नाव येते, मैफिलीच्या पत्रिकेवर गवयाचे. परंतु माणसाच्या हातून होणारी कितीतरी सुंदर कामे अशी आहेत की, त्यांच्यावर कोणाचीच सही नसते. आगपेटीवरचे चित्र, एस.टी.च्या पाटीवरची अक्षरे, मिठाईचा डबा ही सारी कोणी तरी बसून, विचार करून, चार वेळा खोडून तयार केलेली असतात. आणि आपण मात्र ती आपोआप उगवल्यासारखी वापरतो.

रुपयाच्या चिन्हाचेच घ्या. देवनागरी ‘र’ आणि रोमन ‘आर’ यांचा मेळ घालून, डोक्यावर दोन आडव्या रेघा दिलेले ते चिन्ह भारत सरकारने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले. तीन हजारांहून अधिक नमुन्यांतून ते निवडले गेले. ते काढणारे डी. उदयकुमार मुंबईच्या आय.आय.टी.त याच विद्येचे संशोधक विद्यार्थी होते. २०११ पासून ते नाण्यांवर आले आणि आज ते ज्याच्या त्याच्या खिशात आहे. पण ते कोणी काढले, असे भर बाजारात दहा जणांना विचारले, तर नाव सांगणारा एखादा तरी भेटेल की नाही, याची शंकाच आहे.

नाव नाही म्हणजे कीर्ती नाही, हे तर उघडच आहे. मला छळणारा प्रश्न निराळा आहे. ज्या कामावर आपले नाव नाही, त्याची जबाबदारी तरी आपल्यावर असते काय?

हा प्रश्न मला पडला तो माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीमुळे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा आमच्या शाळेतून देऊन ही मुलगी पुढे मुंबईला सर जे. जे. मध्ये उपयोजित कलेच्या शिक्षणासाठी गेली. राहते बदलापुरास. पहाटे उठायचे, खांद्यावर लॅपटॉप आणि हातात कागदांची गुंडाळी घेऊन गाडीत शिरायचे, आणि दीड तास उभ्याने प्रवास करायचा. बायकांच्या डब्यात भाजी निवडणारे हात दिसले की वहीत उतरवून घ्यायचे. दिवसभर वर्ग, आणि सबमिशन जवळ आले की घरच्यांनी दिवे मालवल्यावर स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली दोन-दोन वाजेपर्यंत काम. बोरूने काढलेला एक ‘क्ष’ मनासारखा वळत नाही म्हणून तिने तो एका रात्रीत शंभर वेळा काढला होता. शाळेत शुद्धलेखनाच्या दोन ओळी लिहायला कुरकुरणारी हीच ती मुलगी, हे मला खरे वाटेना!

तिसऱ्या वर्षी तिला एक प्रकल्प होता. औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटावरचा मजकूर म्हाताऱ्या माणसांना वाचता येईल असा करायचा. अक्षरे मोठी केली की झाले, असे तिला प्रथम वाटले. मग ती चार दिवस एका औषधाच्या दुकानापाशी जाऊन उभी राहिली. तेव्हा तिच्या ध्यानात आले की, पुष्कळ लोक अख्खे पाकीट घेतच नाहीत. ऐपतीप्रमाणे चार गोळ्या, सहा गोळ्या मागतात आणि दुकानदार कात्रीने पाकीट कापतो. मुदतीची तारीख असते एका टोकाला. ते टोक एकाकडे जाते आणि उरलेल्या गोळ्या तारखेवाचून दुसऱ्याच्या घरी जातात. तिने मग तारीख गोळ्यांच्या प्रत्येक ओळीमागे छापण्याची योजना केली. मला हे सांगताना तिचे डोळे चमकत होते. जिला तिने कधी पाहिले नाही अशा कोण्या आजीबाईसाठी तिने तीन आठवडे खर्च केले होते.

कॉलेजच्या कामाखेरीज ही मुले बाहेरची कामेही करतात. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फलक, दुकानाच्या पाट्या. पैसे घेऊन, दुसऱ्याच्या सांगण्यावरून केलेले काम ते हलके, असा एक समज आपल्यात आहे. तो खरा नाही. दीनानाथ दलाल जे. जे. चेच विद्यार्थी. त्यांनी मुखपृष्ठांवर हयात वेचली, १९४५ साली ‘दीपावली’ सुरू केला, आणि कित्येक मराठी घरांतून रंगांची पहिली ओळख त्यांच्याच चित्रांनी करून दिली. मागणीवरून केलेले काम मनापासून होऊ शकते. प्रश्न मागणी कशाची आहे, हा आहे.

गेल्या दिवाळीच्या आधी या मुलीकडे एका मिठाईवाल्याचे काम आले. डब्याच्या झाकणावर अक्षरे काढायची. मोबदला आठ हजार रुपये. मजकूर होता, ‘साजूक तुपाच्या स्वादाची मिठाई’. पहिले दोन शब्द झाकणभर, सोनेरी. ‘स्वादाची’ हा शब्द मात्र वेलबुट्टीत, पानाच्या देठासारखा बारीक काढायचा. मिठाई वनस्पती तुपातली होती. तिने बिचकत विचारले, तेव्हा मालक हसून म्हणाले, “बाळा, यात खोटं काय आहे? सगळे शब्द खरेच आहेत. तू नुसती अक्षरं काढायचीस.”

तिने सगळे शब्द एकाच मापात काढून नेले. मालकांनी ते परत केले. दोन दिवसांत दुसऱ्या कोणी तरी हवे तसे काढून दिले आणि डबा बाजारात आला.

मला तिने हे सांगितले, तेव्हा ती एवढेच म्हणाली, “सर, शब्द त्यांचे होते, पण खोटं मला बोलावं लागणार होतं.”

या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. मजकूर खरा होता, हे मालकांचे म्हणणे बिनतोड आहे. म्हणजे असत्य असलेच, तर ते फक्त अक्षरांच्या लहानमोठेपणात होते; आणि लहानमोठेपणा ठरवणे हे तर काढणाऱ्याच्या हातचे काम. ‘मी नुसती अक्षरे काढली’ ही सबब इथे लागूच पडत नाही. छापील मजकुराचे अंक व अक्षरे किती लहान असू नयेत, हे २०११ चे वेष्टित वस्तूंचे नियम सांगतात. पण कोणता शब्द डोळ्यांत भरावा आणि कोणता नजरेतून निसटावा, या निवडीत किती प्रामाणिकपणा आहे, हे मोजणारी फूटपट्टी कोणत्या नियमाजवळ असणार?

तिची मैत्रीण तिला म्हणाली, “तू नाही म्हटलंस म्हणून डबा थांबला का?” नाही थांबला. एकही गिऱ्हाईक वाचले नाही. शिवाय लॅपटॉपचे हप्ते चालू आहेत, वडील पहारेकऱ्याच्या नोकरीत आहेत, आणि आठ हजार म्हणजे जवळजवळ दोन हप्ते. नकार देणे हे पोट भरलेल्यांचे भूषण आहे, असे कोणी म्हटले तर त्याला गप्प करणे सोपे नाही. ज्याने शेवटी ती अक्षरे काढली, त्याच्या घरीही कदाचित भाडे थकले असेल. त्याला दोष देताना माझी जीभ अडखळते.

तरीही मला वाटते की, नकाराने गिऱ्हाईक वाचले की नाही, एवढ्यावर हा हिशेब संपत नाही. औषधाच्या पाकिटामागे बसलेली आजीबाई आणि मिठाईच्या डब्यासमोर उभी राहिलेली आजीबाई एकच आहे. एकीकडे तिला दिसावे म्हणून रात्री जागवायच्या आणि दुसरीकडे तिला दिसू नये म्हणून. हात दोन्ही करू शकतो. हात फार आज्ञाधारक असतो. पण वाचणारा हा आपल्या दारी आलेला पाहुणा आहे की सावज आहे, हे एकदा मनाने ठरवले, की पुढची सगळी अक्षरे त्याच नजरेने निघतात. हे नुकसान आठ हजारांत भरून येण्यासारखे नाही.

आपल्या घरोघरी सोमवारी सांगतात ती खुलभर दुधाची कहाणी आठवा. साऱ्या गावाचे दूध ओतूनही देवाचा गाभारा भरला नाही. घरच्या लेकरांना, वासरांना आधी पोटभर देऊन एक म्हातारी खुलभर दूध घेऊन आली, आणि तो भरला. कोणी पाहत नव्हते. तिचे नावदेखील कहाणीत नाही. पण तिच्या दुधामागे कोणी उपाशी राहिलेले नव्हते. पैसे मिळवू नयेत, घरच्यांचे आधी पाहू नये, असे ही कहाणी म्हणत नाही. दुसऱ्याच्या तोंडचे काढून आणू नये, एवढेच म्हणते.

त्या मुलीने पुढच्या महिन्यांत चार लग्नपत्रिका करून हप्ते भरले. त्यांतली एक तिने मला दाखवली. वर गणपती, मग वधूवरांची नावे, आणि त्याखाली चांगल्या ठसठशीत अक्षरांत, स्टेशनच्या कोणत्या बाजूने उतरायचे आणि कोणत्या क्रमांकाची बस धरायची, हे. निमंत्रक मंडळींची नावे त्यामानाने बरीच लहान झाली होती आणि वरमामा थोडे रुसलेही होते म्हणे! मी तिला कारण विचारले. ती म्हणाली, “कुणाची तरी आत्या एकटीच येईल ना, सर.”

पत्रिका मी उलटसुलट करून पाहिली. तिचे नाव तीवर कुठेच नव्हते.