साहेब, दादा आणि मधला माणूस

१० जून २०२५ रोजी पुण्यात एकाच पक्षाचा, राष्ट्रवादी काँग्रेसचा, सव्विसावा वर्धापनदिन दोन ठिकाणी साजरा झाला. शरद पवारांचा मेळावा बालगंधर्व रंगमंदिरात, तर अजित पवारांचा बालेवाडीच्या क्रीडासंकुलात. दोन्हीकडे १९९९ चाच स्थापना दिवस आणि दोन्हीकडे शाहू-फुले-आंबेडकरांच्या वारशाची ग्वाही. मुळशीकडून गाडी भरून येणाऱ्या कार्यकर्त्यापुढे प्रश्न एवढाच होता, की चांदणी चौकात कुठे वळायचं. सरळ गेलं की साहेब, म्हणजे शरद पवार; डावीकडे वळलं की दादा, म्हणजे अजित पवार.

राष्ट्रवादीच्या २०२३ मधल्या फुटीवर पुढच्या दोन वर्षांत भरपूर लिहून झालं. काका-पुतण्याचं नातं, ईडीची भीती, दिल्लीचा डाव, बारामतीतली भाऊबंदकी, काहीच सुटलं नाही. कार्यकर्ता मात्र या लिखाणात गर्दी म्हणून येतो. कधी निष्ठावंत, कधी गद्दार, बहुतेक वेळा नुसताच ‘हजारोंच्या संख्येने उपस्थित’. त्याचं स्वतःचं पक्षाबद्दल काय मत आहे, हे फारसं कुणी विचारत नाही. तालुक्याच्या ठिकाणी, बाजार समितीच्या आवारात किंवा पंचायत समितीसमोरच्या टपरीवर तो मोकळेपणाने बोलतो, तेव्हा विचारधारेचा विषय शेवटी येतो. आधी येतो तो हिशेब: पक्ष नक्की कुणाचा, आणि त्यात आपण कोण?

हा प्रश्न या पक्षात जास्त बोचतो, कारण तो मुळात कार्यकर्त्यांच्या आंदोलनातून उभा राहिलेला पक्ष नव्हे. सोनिया गांधींच्या परदेशी मुळाच्या मुद्द्यावर शरद पवार, पी. ए. संगमा आणि तारिक अन्वर यांची काँग्रेसमधून हकालपट्टी झाली आणि जून १९९९ मध्ये पक्ष जन्माला आला. चारच महिन्यांनी विधानसभेत ५८ जागा मिळाल्या आणि विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात त्याच काँग्रेसशेजारी खुर्च्याही मिळाल्या. पक्ष एवढ्या लवकर उभा राहिला, कारण त्याचा सांगाडा आधीच तयार होता. साखर कारखाने, जिल्हा बँका, दूध संघ, शिक्षणसंस्था, जिल्हा परिषदा. जिथला नेता पवारांबरोबर आला, तिथली यंत्रणाही आली. पाटी बदलली, माणसं तीच राहिली.

या यंत्रणेत कार्यकर्त्याचं काम ठरलेलं. कुणाची ऊसतोड अडली, कुणाचं पीककर्ज थांबलं, वस्तीवरचं रोहित्र जळलं, शिक्षिकेची बदली लांब झाली, मध्यरात्री पोलीस ठाण्यातून फोन आला. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्या या माणसाची ताकद एवढीच, की त्याचा फोन ‘वर’ उचलला जातो. हा ‘वर’ म्हणजे पक्ष नव्हे. तो तालुक्याचा आमदार, कारखान्याचा अध्यक्ष किंवा बँकेचा संचालक असतो. म्हणून आमदार गेला की कार्यकर्ता त्याच्या मागे जातो. मुंबईत बसून त्याला संधिसाधू म्हणणं सोपं आहे. पण ज्याची पत फोनवर उभी आहे, तो फोन लागेल तिकडेच राहणार.

आघाडी ही सोय असते, हे तर त्याला पक्षानेच शिकवलं. ज्या काँग्रेसविरुद्ध पक्ष काढला, तिच्याबरोबर पंधरा वर्षं राज्य केलं. २००४ मध्ये ७१ आमदार आले, काँग्रेसपेक्षा दोन जास्त, तरी मुख्यमंत्रिपद काँग्रेसला दिलं. ऑक्टोबर २०१४ मध्ये निकालाच्या दिवशीच भाजपला बाहेरून पाठिंबा जाहीर केला. २०१९ मध्ये शिवसेनेबरोबर सरकार बनलं आणि त्याआधी काही दिवस दादांचा भाजपबरोबरचा भल्या पहाटेचा तो प्रसिद्ध शपथविधीही झाला. प्रत्येक वळणावर गावच्या पारावर उत्तर द्यायची पाळी कार्यकर्त्याची. सकाळी वर्तमानपत्र वाचून दुपारी त्याचं समर्थन करायची सवय त्याला वीस वर्षांत लागली. मग जुलै २०२३ मध्ये दादा भाजपबरोबर गेले तेव्हा त्याला वैचारिक धक्का बसला नाही, याचं आश्चर्य वाटायला नको. त्याचा धक्का वेगळा होता, आणि तो समजण्यासाठी २०२३ मधल्या दोन तारखा शेजारी ठेवाव्या लागतात.

२ मे २०२३. मुंबईत यशवंतराव चव्हाण केंद्रात ‘लोक माझे सांगाती’च्या सुधारित आवृत्तीच्या प्रकाशनात पवारांनी अध्यक्षपद सोडत असल्याचं जाहीर केलं. सभागृहात हलकल्लोळ झाला. कार्यकर्ते रडले, व्यासपीठाभोवती जमले, जागचे हलेनात. तीन दिवसांत राजीनामा मागे घेतला गेला. कार्यकर्त्यांच्या भावनेचा मान राखला, असं सांगितलं गेलं, आणि कार्यकर्त्याने ते खरं मानलं. आपण ओरडलो म्हणून साहेब थांबले, हे सुख त्याने जेमतेम दोन महिने उपभोगलं.

२ जुलै २०२३. राजभवनात अजित पवारांनी उपमुख्यमंत्रिपदाची आणि आणखी आठ जणांनी मंत्रिपदाची शपथ घेतली. या वेळी कार्यकर्त्याला ओरडायलाही वाव नव्हता. त्याने हे टीव्हीवर पाहिलं. ५ जुलैला दोन सभा झाल्या, एक दादांची वांद्र्याच्या एमईटी संस्थेत, दुसरी साहेबांची चव्हाण केंद्रात. त्यानंतर मात्र त्याला अचानक भाव आला, कारण आता प्रतिज्ञापत्रं हवी होती. मुद्रांक आणा, आधारची झेरॉक्स लावा, नोटरीकडे रांग लावा, ‘मी या पक्षाचा कार्यकर्ता असून माझा पाठिंबा अमुक यांना आहे’ या मजकुराखाली सही करा. दोन्ही गटांनी हा कागद गठ्ठ्यांनी दिल्लीला निवडणूक आयोगाकडे पाठवला. सुनावणीत शरद पवार गटाने आरोप केला, की समोरच्यांच्या हजारो प्रतिज्ञापत्रांत घोळ आहे आणि काही तर मृत माणसांच्या नावांची आहेत.

या गठ्ठ्यांचं पुढे काय झालं, ते ६ फेब्रुवारी २०२४ च्या निवडणूक आयोगाच्या आदेशात आहे. पक्षफुटीचे वाद आयोग १९६८ च्या चिन्ह आदेशाच्या पंधराव्या परिच्छेदानुसार सोडवतो. काँग्रेसच्या १९६९ च्या फुटीनंतर सादिक अली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठीच्या कसोट्यांवर शिक्कामोर्तब केलं. पक्षाची उद्दिष्टं, पक्षाची घटना आणि बहुमत, अशा त्या कसोट्या. बहुमत दोन ठिकाणचं बघता येतं, संघटनेतलं आणि विधिमंडळातलं. राष्ट्रवादीच्या प्रकरणात पहिल्या दोन कसोट्यांनी निकाल लागेना. संघटनेतलं बहुमत मोजायचं, तर संघटनेच्या निवडणुका नीट झाल्याचा भरवशाचा पुरावाच नव्हता. शेवटी उरले आमदार-खासदार. एकूण ८१ लोकप्रतिनिधींपैकी ५७ जणांची प्रतिज्ञापत्रं अजित पवारांकडे होती, २८ जणांची शरद पवारांकडे. बेरीज ८१ च्या वर जाते, कारण काहींनी दोन्हीकडे सही केली होती! पक्षाचं नाव आणि घड्याळ हे चिन्ह दादांना मिळालं. नऊ दिवसांनी विधानसभा अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनीही ५३ पैकी ४१ आमदारांच्या संख्येवर तोच कौल दिला आणि कुणालाच अपात्र ठरवलं नाही.

शिवसेनेच्या बाबतीत वर्षभर आधी हेच घडलं होतं. तिथेही लाखो प्रतिज्ञापत्रं दिल्लीला गेली आणि निकाल आमदार-खासदारांच्या संख्येवर लागला.

कार्यकर्त्याचा धक्का तो हा. पक्ष म्हणजे निवडून आलेले, हे आता नुसतं व्यवहारात राहिलं नाही, कागदावर आलं. ज्याने निवडून आणलं तो मोजणीत नाही. यात आयोगाला सगळा दोष देऊन भागणार नाही. पक्षांतर्गत निवडणुका घेतल्या असत्या, सभासदांच्या याद्या खऱ्या ठेवल्या असत्या, तालुकाध्यक्ष नेमण्याऐवजी निवडला असता, तर मोजायला संघटना शिल्लक राहिली असती. नेमणुकांवर चालणाऱ्या पक्षाला संकटात सभासद आठवले, तेव्हा त्यांची किंमत मुद्रांकापुरती उरली होती. बरं, एवढं झाल्यावर तरी रीत बदलली का? जुलै २०२५ मध्ये शरद पवारांच्या पक्षात सात वर्षं प्रदेशाध्यक्ष असलेल्या जयंत पाटलांच्या जागी शशिकांत शिंदे आले. निवड एकमताने झाली. महाराष्ट्रात ‘एकमत’ कसं होतं, हे कार्यकर्त्याला समजावून सांगावं लागत नाही.

तरीही २०२४ च्या उन्हाळ्यात या माणसाने जे केलं, ते बघण्यासारखं आहे. साहेबांच्या पक्षाला ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे चिन्ह मिळालं आणि २४ फेब्रुवारीला रायगडावर त्याचं अनावरण झालं. लोकसभेच्या मतदानाला जेमतेम दोन-अडीच महिने. पंचवीस वर्षं घड्याळावर बोट ठेवायला शिकलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना नवं चिन्ह घरोघर जाऊन दाखवायचं होतं. त्यातच आयोगाच्या मुक्त चिन्हांच्या यादीत ‘ट्रम्पेट’ नावाचं वाद्य होतं आणि त्याचं मराठी नाव छापलं होतं ‘तुतारी’. गावात त्याला पिपाणी म्हणतात. दिंडोरीत भास्कर भगरे साहेबांच्या पक्षाकडून उभे होते. तिथेच बाबू भगरे नावाच्या अपक्षाला पिपाणी मिळाली आणि एक लाखावर मतंही मिळाली. भास्कर भगरे तरीही जिंकले. साताऱ्यात मात्र शशिकांत शिंदे सुमारे ३२ हजार मतांनी हरले आणि पिपाणीवाल्या अपक्षाने ३७ हजार मतं घेतली. ‘यंत्राजवळ वाकून माणूस बघा, नुसतं वाद्य नको’ हे मतदाराला आधी पढवून ठेवण्याचं काम कुठला नेता करत नाही. दहा जागा लढवून आठ जिंकल्या, त्यात सहानुभूती होतीच. पण ती सहानुभूती बरोबर बटणापर्यंत नेणारं कुणीतरी होतं.

दादांकडच्या कार्यकर्त्याची अडचण उलटी. घड्याळ हाताशी, पण त्याखाली टीप. हे चिन्ह न्यायप्रविष्ट आहे, असं जाहिरातीत छापायला सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये सांगितलं आणि साहेबांचा फोटो वापरायलाही मनाई केली. गावच्या फ्लेक्सवर फोटोंची उतरंड हाच ज्याच्या राजकारणाचा नकाशा, त्याला वरची मोठी चौकट मोकळी ठेवून फ्लेक्स करायला सांगण्यासारखं हे होतं. काहींनी तिथे यशवंतराव चव्हाणांना बसवलं. नोव्हेंबरात विधानसभेला मात्र पारडं फिरलं. दादांचे ४१ आमदार आले, साहेबांचे १०. मतं मोजली तर साहेबांच्या पक्षाला राज्यात सुमारे ११ टक्के आणि दादांच्या पक्षाला सुमारे ९ टक्के. साहेबांनी जागा जास्त लढवल्या, हे त्यामागचं एक कारण. पण विधानसभेत टक्केवारी बसत नाही, आमदार बसतात.

इथपर्यंत नेत्यांच्या निवडणुका झाल्या. लोकसभा वेळेवर, विधानसभा वेळेवर. कार्यकर्त्याची निवडणूक कुठे होती?

मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवडसह बहुतेक महापालिका आणि जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. नवी मुंबई, कोल्हापूर, औरंगाबाद यांची तर २०२० मध्येच. आधी करोना, मग सर्वोच्च न्यायालयाच्या मार्च २०२१ च्या निकालानंतर ओबीसी आरक्षणाची तिहेरी कसोटी, मग त्यासाठी नेमलेला बांठिया आयोग, मग प्रभागरचना एका सरकारने बदलली आणि दुसऱ्याने पुन्हा बदलली. तारखांवर तारखा पडत राहिल्या आणि प्रशासक बसून राहिले. २०२५ च्या दिवाळीत २९ महापालिका, ३२ जिल्हा परिषदा आणि ३३६ पंचायत समित्या निवडणुकीच्या प्रतीक्षेत होत्या. यातल्या निम्म्या जागा महिलांच्या. बचत गटातून वर आलेल्या आणि पहिल्यांदा उभं राहण्याची तयारी केलेल्या बाईची साडेतीन वर्षं तयारीतच गेली.

राष्ट्रवादीला याचा फटका इतरांपेक्षा खोल होता. १ मे १९६२ ला पंचायत राज सुरू झालं, तेव्हापासून ग्रामीण महाराष्ट्रात पुढारी घडवण्याचा कारखाना तोच. अंजनीसारख्या गावातून आलेले आर. आर. पाटील आधी सांगली जिल्हा परिषदेचे सदस्य होते, मग आमदार, मग गृहमंत्री. साखर कारखाना किंवा आडनाव नसलेल्या माणसाला वर चढायची ही एकच शिडी. ती काढून घेतली की तालुक्यात दोनच माणसं उरतात, आमदार आणि अधिकारी. कार्यकर्ता मग दोघांच्या दारात उभा. निधी आमदाराच्या पत्रावर, काम ठेकेदाराच्या नावावर. सभापतीच्या केबिनमध्ये शिरून भांडण्याचा जो हक्क होता, तो प्रशासकाच्या दालनाबाहेर चिठ्ठी पाठवून बसण्यापर्यंत आला.

सहकारात तरी जागा होती का? जून २०२५ मध्ये माळेगाव सहकारी साखर कारखान्याच्या निवडणुकीत अजित पवार स्वतः उभे राहिले. राज्याचे उपमुख्यमंत्री, अर्थ खातं हाताशी, आणि उमेदवारी कारखान्याच्या संचालकपदासाठी. त्यांच्या नीलकंठेश्वर पॅनेलने २१ पैकी २० जागा जिंकल्या. साहेबांच्या बाजूच्या पॅनेलला भोपळा मिळाला. दादा कारखान्याचे अध्यक्ष झाले. सभासदांच्या दृष्टीने त्यात फायदा असेल. उपमुख्यमंत्रीच अध्यक्ष असला की कामं अडत नाहीत. पण गावोगाव सभासद सांभाळत वीस वर्षं काढलेल्या कार्यकर्त्याने यातून काय घ्यायचं? दादांनी स्वतः १९८२ मध्ये साखर कारखान्याच्या संचालकपदापासूनच सुरुवात केली होती. २०२५ मध्ये त्याच पायरीवर पुन्हा दादाच.

सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक निवडणुकांसाठी ३१ जानेवारी २०२६ ही मुदत घातली, त्यामुळे त्या दिवाळीत फराळाबरोबर आरक्षण सोडतीची चर्चा होती. दोन्ही गटांचे नेते ‘ही कार्यकर्त्यांची निवडणूक’ असं म्हणू लागले होते. कार्यकर्ता हे ऐकून हसत होता, कारण त्याला पिंपरी-चिंचवड आठवत होतं. २०१२ मध्ये तिथे राष्ट्रवादीचे ८३ नगरसेवक होते. २०१७ मध्ये भाजपचे ७७ आले आणि त्यांतले कित्येक कालपर्यंत घड्याळाखाली बसणारे होते. २०२५ मध्ये दादांचा पक्ष राज्यात भाजपबरोबर सत्तेत होता आणि त्या शहरात भाजप हाच त्याचा मुख्य प्रतिस्पर्धी. वर युती, खाली ‘मैत्रीपूर्ण लढत’, आणि लढतीत डोकं कुणाचं फुटणार ते ठरलेलं.

साहेबांच्या कार्यकर्त्याचा पेच आणखी वेगळा. दोन्ही राष्ट्रवादी एकत्र येणार, ही वावडी दर महिन्याला उठत होती. आल्या तर आधीच्या दोन वर्षांत ज्यांच्याशी वैर घेतलं, त्यांच्याच पंगतीला बसायचं. नाही आल्या तर दहा आमदारांच्या पक्षाचा एबी फॉर्म घेऊन प्रशासकाच्या राज्यात उभं राहायचं. तो तयार होता. त्याच्या अटी मात्र साध्या आणि अवघड होत्या: उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुसऱ्या पक्षातून आयात माणूस आणू नये, राखीव झालेल्या गटात नेत्याच्या घरातल्या बाईचं नाव पुढे करू नये, आणि तालुकाध्यक्ष मुंबईहून पत्राने येऊ नये. यातली एकही अट निवडणूक आयोगाच्या किंवा न्यायालयाच्या हातात नव्हती. त्या दोन्ही पक्षांच्या प्रदेश कार्यालयांच्या हातात होत्या, आणि सोडतीनंतरच्या पहिल्या आठवड्यातच त्या पाळल्या जातात की नाही, ते तालुक्या-तालुक्यात कळणार होतं.